मोहाच्या दिवसांतला वास

"सर, जळका वास येतोय," मी म्हणाले.

शेजारच्या सीटवर बसलेले माझे इन्स्ट्रक्टर, भोंगाडे सर, हसले. "येणारच. मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, मग सगळं जंगल धुमसत बसतं. एप्रिलभर माझ्या डब्यातल्या पोळीलाही हाच वास असतो."

समोर डोंगरावर राखाडी धूर पसरला होता. धुरात शिरायचं नाही, वारा येतो त्या बाजूने लांबून वळसा घालायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. मी आमचं छोटं विमान पश्चिमेला वळवलं. तरी मनात पाल चुकचुकत होती. इंजिन सुरू करतानाही मला हा वास आला होता. तेव्हा मेकॅनिकही "मोह, मॅडम" एवढंच म्हणाला होता. या दिवसांत आमच्या धावपट्टीवर कुठल्याही वासाला हेच उत्तर मिळायचं.

"फार शंकेखोर आहेस गं," सर म्हणाले. "बाहेरची हवा बंद कर, जाईल वास."

मी हवेची झडप बंद केली. वळसा पुरा झाला आणि समोर स्वच्छ निळं आभाळ उघडलं. खाली तलाव चकाकत होता.

सरांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग हात पुढे करून त्यांनी विजेचा मुख्य स्विच बंद केला. रेडिओ गप्प झाला, इंजिन तेवढं चालू राहिलं.

"परत धावपट्टीकडे घे," ते म्हणाले. आता ते हसत नव्हते.

धूर केव्हाच मागे पडला होता. वास मात्र आमच्याबरोबर आला होता.