संत्र्याचा गुण

पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी तापातून उठलेल्या ताईबाईला महिनाभर रोज एक संत्रं खायला सांगितलं. संत्र्याने रक्त वाढतं, भूक लागते, हिरड्या घट्ट होतात, असं त्यांनी तिच्या नवऱ्याला समजावलं. धनसिंग भुसावळला गेला आणि टोपलीभर नागपुरी संत्री घेऊन आला.

आमच्या गावात तेव्हा संत्रं घरात यायचं ते माणूस वाचत नाही असं ठरल्यावरच. टोपली पाहून ताईबाई काय ते समजली. धनसिंगने रक्ताचं, हिरड्यांचं सांगितलं, पण जाणाऱ्या माणसाला सगळे असंच सांगतात. तिने पहिलं संत्रं सोललं आणि सासूला जवळ बसवलं. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं ती बोलू लागली. रोज एक संत्रं, रोज सासूची एक करणी. मरणाऱ्याला उलट बोलायचं नसतं, म्हणून सासू मुकाट्याने ऐकत राहिली.

महिन्याने ताईबाई आपल्या पायांनी दवाखान्यात आली. गाल भरले होते. डॉक्टर खूश झाले.

"आता ऐंशी वर्षं जगशील!"

"डाक्टरभाऊ, मी मराव शे म्हनीसन सासूले बठ्ठं सांगी टाकं. आते त्या घरमा कशी ऱ्हाऊ?"

"अगं, आजारी माणसाचं बोलणं कोण मनावर घेतं? सासू काही म्हणाली का?"

"माले काही नही. आज सकायले तिनी आंथरून धरं, अन् पोऱ्याले म्हने, भुसावळले जाय, माले बी संत्रा लई ये."