चमचाभर अश्वगंधा

"काढा, चूर्ण, घरगुती औषध, असलं काही घेता का?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"छे! पाण्याशिवाय काही नाही," दादा म्हणाला. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीने मान खाली घातली. बाजारातलं जडीबुटीचं दुकान तिचं. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवून दादाचे हात भरून यायचे, झोप लागायची नाही, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिनेच त्याला अश्वगंधेचं चूर्ण बांधून दिलं होतं. "रोज चमचाभर, दुधातून. अंगात ताकद येईल, झोप लागेल. साधी मुळी ती, तिने कधी कुणाचं वाकडं झालंय का?" गिऱ्हाइकांनाही ती हेच सांगायची. बऱ्याच जणांना गुण यायचाही.

एखाद्याच्या यकृताला ते बाधतं, असं तिने एकदा ऐकलं होतं. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

आता चार दिवस तिच्या तोंडाला जणू कुलूप लागलं होतं. दादा आपल्याला पाठीशी घालतोय, हे तिला दिसत होतं, आणि त्यानेच जीव आणखी कासावीस होत होता. वहिनीला कळलं तर? बाजारात कळलं तर? मग ती मनाची समजूत घालायची. इस्पितळात आल्यापासून चूर्ण बंदच आहे. उतरेल कावीळ. आता सांगून काय फरक पडणार?

डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला.

"कालच्यापेक्षाही वाढलंय. कारण सापडत नाही. हे असंच चढत राहिलं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

बहिणीने मान वर केली. तिने खाटेची दांडी घट्ट धरली.

"मी दिलंय," ती म्हणाली. "अश्वगंधेचं चूर्ण. तीन महिने. माझ्या हाताने."

स्टुलावर बसून मोसंबं सोलणाऱ्या वहिनीचे हात थांबले.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत," डॉक्टरीणबाई भराभर लिहीत म्हणाल्या. "आता चिमूटभरही नको." आणि लगबगीने निघून गेल्या. त्यांच्यामागोमाग वहिनीही उठली. नणंदेकडे न बघताच बाहेर पडली.

बहीण खाटेच्या कडेवर बसली. तिला रडू आवरेना.

"माझी अब्रू झाकायला जिवाशी खेळलास रे दादा!"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने उशीखाली हात घातला आणि कागदाची एक चुरगळलेली पुडी बाहेर काढली. ती जवळजवळ रिकामी होती.

"अब्रू कसली, वेडे? डॉक्टरीणबाई ही पुडी काढून घेतील म्हणून बोललो नाही. तुझ्या औषधावरच तर तग धरून आहे मी. आज फार गळून गेल्यासारखं वाटलं, म्हणून दोन चमचे घेतले."