आल्याचा अर्क, भाग एकशे एक

“आल्याचा अर्क पिणाऱ्यांच्या घरात आजार आणि भांडण, दोन्ही शिरत नाहीत,” निवृत्त मुख्याध्यापक फोनच्या कॅमेऱ्यात पाहून लाइव्ह म्हणाले, आणि लगेच मागे वळून बायकोवर खेकसले, “खोकू नकोस, लोक ऐकताहेत!”

आधीच्या शंभर भागांचं आलं जिने किसलं, त्या बायकोने शांतपणे हात पुसले. “मला कधी घोटभर तरी विचारलंत? आता तुमचं तुम्ही किसा,” म्हणत ती बेडरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली.

सरांनी हसत एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. पाहणारे चारशेचे बाराशे झाले.

 

शेवटी सर घसा खाकरून कॅमेऱ्याला म्हणाले, “आमच्या सौ. पाहत असतील, तर नम्र विनंती... किसणी कुठे असते, तेवढं कमेंटमध्ये लिहावं.”