साळूचे चार हीलर

"ढाल्या पुढे जाईल. मोठा मंत्र आधी 'टाका' यांचा, मग बाकी तिघांचा," पडद्यावर साळूची ओळ उमटली. "टाका, तुम्हाला जमेल ना?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढून ठेवली, चष्मा पुसला आणि दोन बोटांनी लिहिलं, "जमेल."

'टाका' हे त्याचं खेळातलं नाव. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर दुपार रणरणत होती आणि मागच्या खोलीत, चिंध्यांच्या ढिगाशेजारी, लेकीचा जुना कॉम्प्युटर घरघरत होता. हेडफोनमधून ढाल्याचा आवाज आला. सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा, हे ढाल्याचं काम.

"आज मला मारलंत तर भूत होऊन एकेकाला छळीन."

"जिवंतपणी काय कमी छळतोस?" कुणीतरी म्हणालं.

एरवी हशा पिकला असता. आज नाही पिकला. निम्मा गट केव्हाच पांगला होता, आणि आजही खेळातला हा दैत्य मेला नाही तर गट मोडायचा, असं ठरलं होतं. शिंप्याला दैत्याशी काही देणंघेणं नव्हतं. गट मोडला की साळूही गेली, एवढंच त्याला कळत होतं.

साळू त्याची लेक. जन्मली तीच साळिंदरासारखे उभे केस घेऊन, म्हणून तिच्या आईने ठेवलेलं नाव. त्याच आईचं दुखणं शिंप्याने लेकीपासून लपवलं, परीक्षा होऊन जाऊ दे म्हणून. परीक्षा झाली आणि आईही गेली. लेकीने दारात उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि चालती झाली. तिचा फोनही मग लागेनासा झाला.

मागे राहिला हा कॉम्प्युटर, आणि त्यात हा खेळ. चाचपडत चाचपडत तो आत शिरला, तर तिथे साळू हे नाव लखलखत होतं. मारणं त्याला जमेना, म्हणून त्याने बरं करायचं काम घेतलं. हीलर झाला. दैत्याचा घाव बसला की माणसाची लाल पट्टी ओसरते, हीलरने मंत्र टाकून ती भरायची. पण मोठा मंत्र चौघांनी एकदमच टाकला तर तिघांचा वाया, आणि पुढच्या घावाला चौघांचेही हात रिकामे. म्हणून कुणी, कधी, कुणावर, हे एकाने सांगावं लागतं. ते साळू सांगायची.

आधी तोंडाने सांगायची. "टाका, झोपलास का रे? ढाल्या मरतोय इकडे." ते बोलणं शिंपी अंगाईसारखं ऐकायचा. स्वतः मात्र कधी बोलला नाही. माइक नाही म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात तिचा माइक बिघडला आणि ती लिहूनच सांगू लागली. तेव्हापासून तिच्या जिभेवरचे काटेही गळून पडले. 'तू'चं 'तुम्ही' झालं. संथ हातामुळे सगळे त्याला आजोबा म्हणायचे, एकदा ढाल्या म्हणाला, "या आजोबांना घरी बसवा आता." साळूने लिहिलं, "टाका राहतील. विषय संपला." मग हळूच त्याला एकट्याला, "जेवलात का?"

त्या दिवशी शिंप्याने कुणाच्या तरी सदऱ्याची बाही उलटी शिवली.

राग निवलाय, त्याला वाटायचं. ओळखलंही असेल तिने. पण पहिला शब्द काढायला धजत नाही, बापासारखीच.

दैत्य उठला. पडदा लालभडक झाला.

"टाका, आता," ढाल्या ओरडला.

"टाका, ढाल्यावर," साळूने लिहिलं. त्याच क्षणी तिच्या पायाखालून आग उसळली. तिची लाल पट्टी ओसरत ओसरत दोऱ्याएवढी उरली. "मला सोडा. ढाल्यावर."

शिंप्याचं बोट ढाल्याच्या नावावर होतं. ते सरकलं. सगळाच्या सगळा मंत्र त्याने साळूवर ओतला.

ढाल्या कोसळला. मग उसवलेल्या शिवणीसारखे एकामागोमाग एक सगळे सुटत गेले. शिंपीही पडला. साळू तेवढी उभी राहिली, धडधाकट, एकटी. मग दैत्य तिच्याकडे वळला.

"काय केलंत हो आजोबा," ढाल्या म्हणाला. आवाजात राग नव्हता, शीण होता. "चला. संपलं आपलं. सांभाळा सगळे."

एकेक नाव मालवत गेलं. दोन उरली.

"ढाल्यावर सांगितलं होतं," साळूने लिहिलं. "माझ्यावर का?"

शिंप्याला अक्षरं सापडेनात. सुईत दोरा ओवावा तशी त्याने ती एकेक ओवली.

"साळू, मी बाबा. डोळ्यांदेखत तुला कशी मरू देऊ? राग सोड म्हणत नाही. एकदा घरी येऊन जा."

पलीकडे कुणी लिहीत असल्याचे ठिपके हलले, थांबले, पुन्हा हलले. बाहेर शटरवर थाप पडली. "मास्तर, पँट झाली का?"

"उद्या," तो वळूनही न बघता म्हणाला.

मग ओळी आल्या.

"काका, मी साळू नाही. गेल्या उन्हाळ्यात तिने खेळ सोडला आणि हे नाव, हे खातं मला देऊन टाकलं. ती कुठे असते, मला खरंच माहीत नाही."

ठिपके अजून हलत होते.

"एकच अट घातली होती तिने. म्हणाली, टाका नावाचे एक हीलर आहेत, हात संथ आहे, पण त्यांना कधी काढायचं नाही, मधूनमधून जेवलात का विचारायचं. ते माझे बाबा आहेत, आणि त्यांच्यामुळेच मी हा खेळ सोडतेय."