प्लेगातले पाहुणे

निजामाच्या अमलात एका हिवाळ्यात बीड शहरात प्लेग शिरला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी शहरातली बडी मंडळी सामानसुमान घेऊन उत्तरेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या खेड्यात आली. उत्तरेश्वरनं हुरड्यात आलेली ज्वारी कापून बैलांपुढं टाकली, रान मोकळं केलं आणि विहिरीजवळ त्यांना स्वतःच्या हातानं झोपड्या शाकारून दिल्या. बायको छबुबाई कुरकुरली, तेव्हा तिला म्हणाला, "जवारी पुन्यांदा पेरता येती गं, माणूस न्हाई."

चौथ्या दिवशी बैलांना पाणी पाजायला तो विहिरीवर गेला, तर भोवती काट्यांची कुपाटी घातलेली. झोपडीच्या दारातून शहरातले मुन्शीजी ओरडले, "ए, तिथंच थांब! इथल्या पाण्याला शिवायचं नाही."

उत्तरेश्वरचं टाळकं सणकलं. "कावून? हीर माझ्या बापानं खणलीया, मुन्शीजी. तुमच्या बीडातनं आणली न्हाई! बैलं सकाळधरनं तान्हेली हायती."

मुन्शीजींनी नाकाला रुमाल लावला.



"तुम्हा खेडवळांना स्वच्छता ठाऊक नसते. तुमच्यामुळं आम्हाला प्लेग झाला म्हणजे?"