मानाची जागा

कुंडलिकनं आर्थर राजाची विलायती दंतकथा पदरचं बरंच घालून नव्यानं लिहिली आणि मार्गासनीच्या वाचकांच्या ग्रुपवर टाकली. त्यात राजा आणि सरदार गोल मेजाभोवती बसतात, म्हणून मानाची जागा कुणालाच नसते. "डोळं उघडलं बगा आमचं, आता मानपान बंद," असा पारूबाईंचा अभिप्राय आला. तो त्यानं भोरपर्यंतच्या झाडून सगळ्या सोयऱ्यांना पाठवला.

रविवारी वाचकांनी त्याला कौतुकानं जेवायला बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून गेलेला कुंडलिक तोंड फुगवून उपाशीच परतला.

"काय झालं वो? जेवला न्हाईत?" बायकोनं विचारलं.

 

"पंगत गोल मांडली व्हती. मला म्हनले, कुठंबी बसा."