नाही म्हणणारे

“मला ह्यात ओढू नका,” नदाफसर म्हणाले.

मशिदीच्या जमातीचे सेक्रेटरी बाबालाल समोर बसले होते. जमातीचे जुने सदर, म्हणजे अध्यक्ष, वारले होते. त्यांच्या जागी सरांनी बसावं, म्हणून ते सकाळीच राजारामपुरीत सरांच्या घरी आले होते. सोबत गल्लीतल्या खैरुनबी होत्या. त्यांच्या लेकीला, हाफिजाला, नवऱ्यानं सोडलं होतं आणि आता तो तिची तीन वर्षांची पोरगी स्वतःकडं मागत होता. शुक्रवारी जमात निकाल देणार होती.

सर इतिहासाचे प्राध्यापक. इस्लाममध्ये हुकूम कुणाचा चालायचा, खलिफाचा की धर्मपंडितांचा, यावर एकोणसाठ सालापासून पुस्तक लिहीत होते. तेरा वर्षं झाली होती. टेबलावरची पानं त्यांनी पुढं ओढली.

“हे बघा. खलिफानं काझी व्हा म्हटलं, तर कितीतरी विद्वान नको म्हणाले. चाबूक खाल्ले, तुरुंगात गेले, पण बसले नाहीत. हे आख्खं प्रकरण त्यांच्यावर आहे.”

बाबालाल उठले. “मग हाफिजाचा चुलतसासरा बसतोय सदर म्हणून. दुसरं कोण तयार न्हाय.”

खैरुनबी उठल्या नाहीत.

“सर, ते मोठं लोक न्हाय म्हणालं. मग काझी कोण झालं?”

“झाले दुसरे कुणीतरी.”

“आन त्यांच्यापुढं ज्या बायका गेल्या, त्यांचं काय झालं?”

सरांनी पानं चाळली. पुन्हा चाळली. मग बाजूला सारली.

“ते मी बघितलंच नाही,” ते म्हणाले. बाबालालकडं वळून त्यांनी विचारलं, “शुक्रवारी किती वाजता?”

शुक्रवारी नमाज झाल्यावर मंडळी सतरंजीवर बसली, सदर म्हणून सर मधोमध. नवरा बोलला. त्याचा चुलता त्याहून जास्त बोलला. बाबालालनी सगळं वहीत उतरवलं आणि निकालासाठी सरांकडं पाहिलं.

“हाफिजा कुठाय?”

“भाईर हाय. बाईमाणूस जमातीत बोलत न्हाय, सर,” चुलता म्हणाला.

“कुठं लिहिलंय?”

बाबालालनी उठून तिला हाक मारली.

हाफिजा पोरीला कडेवर घेऊन आली आणि दाराशीच थांबली. सर बाजूला सरकले, सतरंजीवर जागा केली. ती अंग चोरून बसली.

“बोल.”

तिनं मान वर केली. “कुठनं सांगू?”

सरांनी बाबालालच्या हातातली वही घेतली आणि कोरं पान काढलं.

“पहिल्यापासनं.”